मुंबईच्या तलावांतले स्पंज आणि डॉक्टर कार्टर: अँटिबायोटिकच्या शोधाची एक जुनी वाट

फोनवर सर्च उघडा आणि ‘व्हॉल्वॉक्स कार्टेरी’ टाइप करा. हिरव्या काचेच्या गोटीसारखा एक सुंदर जीव दिसेल. आता ‘युनापियस कार्टेरी’ टाकून बघा. हा गोड्या पाण्यातला स्पंज. मग ‘बॉसवेलिया कार्टेरी’. हे धुपाचं झाड. ‘लोफोपोडेला कार्टेरी’ हा पाण्यातला आणखी एक बारीकसा प्राणी. शैवाल, स्पंज, झाड, प्राणी, चौघांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि आडनाव मात्र एकच. हे कार्टर नेमके कोण?

हेन्री जॉन कार्टर. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला आलेले डॉक्टर. स्पंजांवर काम करणाऱ्या जगातल्या कुठल्याही संशोधकाला हे नाव माहीत असतं, कारण शेकडो स्पंजांच्या शास्त्रीय नावापुढे ‘कार्टर’ आणि एक साल लिहिलेलं असतं. आपल्याकडे मात्र ते फारसे कुणाला ठाऊक नाहीत, आणि ठाऊक असलेच तर बहुतेकदा दुसऱ्याच कार्टरांशी गल्लत होते. त्या गल्लतीकडे पुढे येऊच.

मग टेक्नॉलॉजीच्या साइटवर त्यांची गोष्ट कशाला? कारण आज स्पंजांच्या आत राहणाऱ्या बॅक्टेरियांचे जीनोम वाचून त्यात नवी अँटिबायोटिक्स शोधण्याचं काम जगभर जोरात चालू आहे. नेहमीची औषधं जुमानत नाहीत असे जंतू वाढत चालले आहेत. साध्या लघवीच्या इन्फेक्शनलाही डॉक्टरांना वरच्या दर्जाचं औषध काढावं लागतं, हे आता घरोघरी दिसतं. त्यामुळे नवं औषध कुठे सापडेल हा प्रश्न साधा नाही. त्या शोधाची एक वाट मुंबईच्या तलावांवरून जाते.

डेव्हनचा मुलगा, मुंबईचा डॉक्टर

कार्टर यांचा जन्म १८१३ सालचा. गाव इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातलं, बडले सॉल्टर्टन, अगदी समुद्रकाठी. एक्सेटरच्या हॉस्पिटलमध्ये आणि मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी वैद्यकाचं शिक्षण घेतलं. त्याच कॉलेजात तेव्हा रॉबर्ट ग्रँट हे प्राध्यापक होते. स्पंजाच्या अंगातून पाण्याचा प्रवाह सतत वाहत असतो, हे १८२०च्या दशकात नीट बघून सांगणारे तेच.

१८४२ मध्ये कार्टर कंपनीच्या मुंबई वैद्यकीय सेवेत रुजू झाले. दोन वर्षांनी त्यांची नेमणूक ‘पालिनुरस’ या जहाजावर झाली. हे जहाज अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्याचा नकाशा तयार करत होतं. डॉक्टरचं काम खलाशांचे ताप आणि जखमा बघणं. पण कार्टर जहाजावरून उतरले की खडक फोडून बघत, वनस्पती गोळा करत. ज्या झाडाचा डिंक हजारो वर्षं धूप म्हणून जगभर जात होता, त्या झाडाचं वर्णन त्यांनी तिथेच केलं. पुढे जॉर्ज बर्डवुड यांनी १८७० मध्ये त्यातल्या एका जातीला बॉसवेलिया कार्टेरी असं नाव दिलं. आपल्या सालईचंच हे भावंड. (आता बरेच वनस्पतिशास्त्रज्ञ तिला वेगळी जात मानत नाहीत, पण धुपाच्या बाटल्यांवर ते नाव अजून छापलेलं असतं.)

मुंबईत परतल्यावर मात्र ते तिथेच रमले. टाउन हॉलमधली जी संस्था आज एशियाटिक सोसायटी म्हणून ओळखली जाते, तिचे ते सेक्रेटरी झाले. मुंबई बेटाच्या भूगर्भावर त्यांनी लिहिलं, पश्चिम भारताच्या भूगर्भावरचे वेगवेगळ्या लोकांचे लेख एकत्र करून १८५७ मध्ये ग्रंथ छापला. सरकारी दवाखाना, संस्थेचा पत्रव्यवहार, आणि उरलेल्या वेळात मायक्रोस्कोप. १८५९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केलं, तेव्हा ते मुंबईतच नोकरी करत होते.

तलावाच्या काठावर

तेव्हाची मुंबई डोळ्यांसमोर आणा. नळ नाहीत. विहारचं पाणी शहरात आलं ते १८६० मध्ये. तोपर्यंत सगळी मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी ही नावं आज बसच्या पाटीवर उरली आहेत. तेव्हा तिथे खरोखर पाणी होतं. लोक त्याच प्रकारच्या तलावांचं पाणी प्यायचे, त्यात अंघोळ करायचे.

कार्टर अशा तलावांकडे जात ते पावसाळा संपून पाणी उतरायला लागलं की. पायऱ्यांवर, दगडांवर, पाण्यात बुडालेल्या काटक्यांवर पांढुरकं, करडं, कुठे हिरवट असं काहीतरी बुरशीसारखं चिकटलेलं असे. येणारा-जाणारा त्याला शेवाळ समजून सोडून देई. कार्टर यांनी ते घरी आणून काचेच्या भांड्यात ठेवलं. तो स्पंज होता. १८४८-४९ मध्ये त्यांनी मुंबईच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर लेख लिहिले आणि पाच जाती नोंदवल्या. त्यातल्या चार त्यांनी नव्या म्हणून सांगितल्या. पाचवी युरोपातलीच एक ओळखीची जात असावी असं त्यांनी शंका ठेवून लिहिलं. १८६३ मध्ये इंग्लंडमधल्या बोवरबँक यांनी ती तपासली आणि ती वेगळीच निघाली. त्यांनी तिला नाव दिलं स्पंजिला कार्टेरी. आजची युनापियस कार्टेरी ती हीच. म्हणजे कार्टर यांचं नाव नेमकं त्यांनी न ओळखलेल्या स्पंजाला चिकटलं.

त्या काळात स्पंज हा प्राणी की वनस्पती, यावर भांडणं चालायची. कार्टर यांनी त्यासाठी एक साधा प्रयोग वापरला. पाण्यात रंगाचे बारीक कण सोडायचे आणि जिवंत स्पंज मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. कण पाण्याबरोबर आत ओढले जातात, आतल्या छोट्या छोट्या पोकळ्यांत पोचतात आणि तिथल्या पेशी ते गिळतात. झाडं असं खात नाहीत. गिळणाऱ्या त्या पेशी नेमक्या कशा दिसतात, याचं अचूक चित्र मात्र आधी अमेरिकेतल्या जेम्स-क्लार्क यांनी दिलं: एक शेपटी आणि तिच्याभोवती कॉलर. कार्टर यांनी नंतर स्वतः बघून ते मान्य केलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी बारकाईने पाहिली. उन्हाळ्यात तलाव आटला की स्पंज मरतो, पण मागे मोहरीपेक्षा बारीक गोळे ठेवून जातो. कडक कवचाच्या बीसारखे. वाळले तरी चालतं. पाऊस पडला, पाणी चढलं की कवचाच्या भोकातून पेशी बाहेर पडतात आणि नवा स्पंज वाढायला लागतो. मुंबईचा पावसाळा आणि एप्रिल-मे ज्याने भोगलाय त्याला ही युक्ती लगेच पटेल.

व्हॉल्वॉक्सची गोष्टही याच तलावांची. कार्टर यांनी १८५० च्या दशकाच्या शेवटी त्याचं वर्णन लिहिलं, आणि १८७८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ स्टाइन यांनी तो मुंबईवाला प्रकार वेगळी जात म्हणून कार्टर यांच्या नावाने नोंदवला. २०१० मध्ये व्हॉल्वॉक्स कार्टेरीचा जीनोम ‘सायन्स’ मासिकात आला, साधारण १३.८ कोटी अक्षरांचा. एकपेशीय जीवापासून अनेकपेशीय जीव कसा झाला हे समजायला तो फार उपयोगी पडला. फक्त ज्याचा जीनोम वाचला तो वाण मुंबईचा नव्हता, जपानमधला होता.

नारू, आणि दुसरे कार्टर

सगळंच बरोबर आलं असं नाही. तेव्हा नारूने लोक हैराण होते. पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा, काडीला गुंडाळत दिवसेंदिवस ओढावा लागायचा. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांनी नारूचं नाव ऐकलेलं असेल. हा जंत माणसात शिरतो कुठून, हे कुणालाच माहीत नव्हतं. कार्टर यांना तलावांच्या पाण्यात बारीक जंत सापडले. तलावात अंघोळ करणाऱ्या शाळकरी मुलांना नारू झालेला त्यांनी पाहिला. त्यांचा अंदाज असा की हेच बारीक जंत कातडीतून आत शिरतात.

तो अंदाज चुकला. १८७० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ फेडचेन्को यांनी खरा मार्ग दाखवला: नारूची पिल्लं सायक्लॉप्स नावाच्या पाण्यातल्या बारीक किड्यात वाढतात आणि तो किडा पिण्याच्या पाण्याबरोबर आपल्या पोटात जातो. म्हणून पाणी गाळून प्यायलं की नारू टळतो. पुढे पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, पाणी गाळणं, यावरच भारताने नारू संपवला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने तसं प्रमाणपत्र दिलं. कार्टर यांनी तलावावर बोट ठेवलं ते बरोबर होतं. शरीरात शिरण्याचा रस्ता चुकला. माझ्या मते त्यांच्या कामातला हा भाग सर्वांत शिकण्यासारखा आहे, कारण जीनोमच्या जगातही नेमकी हीच चूक होऊ शकते: जीव सापडला, पण काम दुसराच कुणीतरी करतोय.

आता ती गल्लत. मुंबईत १८५८ मध्ये दुसरे डॉक्टर कार्टर आले, हेन्री व्हँडाइक कार्टर. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या जगप्रसिद्ध पुस्तकातली चित्रं यांनी काढली. पुढे ते ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्रमुख झाले. नाव जवळजवळ तेच, शहर तेच, खातं तेच. त्यात भर म्हणजे १८६० च्या आसपास दोघांनीही एकाच रोगावर लिहिलं: मदुरा फूट. शेतात अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला काटा लागतो, वर्षानुवर्षं पाय सुजत जातो, भोकं पडून त्यातून रंगीत दाणे बाहेर येतात. दोघांनाही ती बुरशी वाटली. नंतर कळलं की काही रुग्णांत बुरशी असते, आणि काही रुग्णांत बुरशीसारखे धागे काढणारे बॅक्टेरिया असतात. या दुसऱ्या गटाला अ‍ॅक्टिनोमायसीट्स म्हणतात.

आणि गंमत बघा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन ही सगळी औषधं ज्यांनी दिली ते बॅक्टेरिया याच गटातले. मातीत राहणारे. एकाच कुटुंबातला एक भाऊ पाय सडवतो आणि दुसरा क्षयाचं औषध देतो. स्पंजांच्या आतही या गटाचे सदस्य राहतात, आणि तिथून त्यांना वेगळं काढून वाढवणाऱ्या बऱ्याच प्रयोगशाळा आहेत.

खिडकीजवळचा मायक्रोस्कोप

१८६२ मध्ये कार्टर नोकरी सोडून बडले सॉल्टर्टनला परतले. वय पन्नाशीला टेकलेलं. इथून खरं तर त्यांचं सर्वांत मोठं काम सुरू झालं. गावातल्या घरात बसून त्यांनी पुढची जवळजवळ तीस वर्षं स्पंज बघितले. ब्रिटिश म्युझियमकडून, जहाजांवरच्या लोकांकडून, ऑस्ट्रेलिया, मॉरिशस, मर्गुई, मन्नारचं आखात, जिथून तिथून वाळलेले किंवा दारूत घातलेले स्पंज पार्सलने येत. पोर्क्युपाइन जहाजाने अटलांटिकच्या खोल तळातून काढलेले स्पंजही त्यांच्याकडेच आले.

स्पंज ओळखणं फार वैतागाचं काम आहे. एकाच जातीचा स्पंज लाटांत चपटा वाढतो आणि शांत पाण्यात उंच. रंग बदलतो. वाळला की ओळखू येत नाही. मग खात्रीची खूण कुठली? कार्टर यांच्या काळचं उत्तर: काट्या. बऱ्याच स्पंजांच्या अंगात सिलिका म्हणजे काचेच्याच पदार्थाच्या सूक्ष्म सुया असतात. अ‍ॅसिडमध्ये उकळलं की मांस जातं, सुया उरतात. टोकदार, बोथट, टाचणीसारख्या, नांगरासारख्या, चांदणीसारख्या. त्या मोजायच्या, काढायच्या, जुळवायच्या. १८७५ मध्ये त्यांनी सगळ्या स्पंजांचं वर्गीकरण मांडलं. त्यातलं बरंचसं पुढच्या पिढीने बदललं, पण त्यांनी दिलेली कितीतरी नावं टिकली. १८७२ मध्ये त्यांना रॉयल मेडल मिळालं, मुख्यतः स्पंजांवरच्या कामासाठी.

१८७८ मध्ये त्यांनी एक वेगळा लेख लिहिला: स्पंजांच्या आत राहणाऱ्या जीवांवर. त्यांना ते परजीवी वाटले, फुकट राहणारे भाडेकरू. तेव्हाच्या मायक्रोस्कोपने जेवढं दिसत होतं त्यावरून दुसरं काही म्हणणं अवघड होतं. स्पंजाच्या मांसात ठासून भरलेले खरे बॅक्टेरिया स्पष्ट दिसायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला, म्हणजे आणखी जवळजवळ शंभर वर्षं.

कार्टर १८९५ मध्ये त्याच गावात वारले.

भाडेकरू की घरमालक?

आता आजच्या काळात येऊ. स्पंजाला पाय नाहीत, दात नाहीत, कवच नाही. एका जागी चिकटून तो दिवसभर पाणी गाळतो. काही समुद्री स्पंज एक किलो वजनामागे दिवसाला २४,००० लिटरपर्यंत पाणी गाळतात असं सांगितलं जातं. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर रिकामे होऊन वर उरेल एवढं. त्या पाण्यात असंख्य जंतू असतात. तरी स्पंज सडत नाही. त्याच्याकडे रासायनिक हत्यारं असली पाहिजेत, हे रसायनशास्त्रज्ञांनी केव्हाच ताडलं होतं.

१९५० च्या सुमारास वर्नर बर्गमन यांना एका कॅरिबियन स्पंजात विचित्र रेणू सापडले. त्यांवरून सुचलेलं सायटाराबिन हे औषध रक्ताच्या कॅन्सरवर १९६९ पासून वापरात आहे. नंतर स्पंजांतून हजारो रेणू निघाले. कार्टर यांनी १८८३ मध्ये नाव दिलेल्या एका स्पंजातूनही, ज्याला आज अगेलास मॉरिशियाना म्हणतात, १९९३ मध्ये जपानच्या किरिन बिअर कंपनीच्या संशोधकांनी एक रेणू काढला. तो आपल्या रोगप्रतिकारक पेशींना जागं करतो, आणि त्यावरून बनवलेला कृत्रिम रेणू आज या विषयावरच्या प्रयोगशाळांत नेहमीच्या वापरातला आहे. तो रेणूही मुळात स्पंजाच्या बॅक्टेरियाने बनवला असावा असा बऱ्याच जणांचा संशय आहे.

अडचण अशी की काही स्पंजांच्या वजनात एक तृतीयांशाहून जास्त हिस्सा बॅक्टेरियांचाच असतो. मग रेणू सापडला की प्रश्न येतो: हा बनवला कुणी? स्पंजाने की भाडेकरूने? हे कळल्याशिवाय औषध बनत नाही. कारण ग्रॅमभर रेणूसाठी टनभर स्पंज समुद्रातून खरवडून काढणं परवडत नाही आणि समुद्रालाही सोसत नाही. बनवणारा बॅक्टेरिया किंवा त्याची जनुकं हातात आली तर टाकीत बनवता येईल, जसं पेनिसिलिन बनतं तसं.

पण बहुतेक स्पंजवासी बॅक्टेरिया प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. म्हणून जीनोम. स्पंजाचा तुकडा वाटायचा, त्यातला सगळा डीएनए काढायचा आणि वाचायचा. कल्पना करा, हजार वेगवेगळी पुस्तकं फाडून त्यांचे चिटोरे एका पोत्यात भरलेत. आता प्रत्येक पुस्तक पुन्हा जुळवा. कॉम्प्युटर दोन खुणा बघतो. एक, प्रत्येक जीवाची अक्षरं वापरायची सवय वेगळी असते, जशी प्रत्येक लेखकाची भाषा. दोन, ज्या पुस्तकाच्या जास्त प्रती होत्या त्याचे चिटोरे जास्त असतात. या दोन गोष्टींवरून चिटोऱ्यांचे गठ्ठे पाडले की एकेका बॅक्टेरियाचा जीनोम उभा राहतो. यासाठीचं एक यंत्र, मिनआयन, तर आता खिशात मावतं आणि यूएसबीने लॅपटॉपला लागतं.

पुढचं पाऊल बॅक्टेरियांच्या एका सोयीच्या सवयीमुळे सोपं होतं. एखादा रेणू बनवायला दहा-वीस जनुकं लागत असतील तर ते ती जनुकं शेजारी शेजारी ठेवतात, जसं एखाद्या अ‍ॅपच्या सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये असाव्यात. अँटिस्मॅश नावाचं मोफत सॉफ्टवेअर जीनोममध्ये असे फोल्डर शोधून देतं. नाशिकच्या कॉलेजातल्या मुलीला हे ब्राउझरमधून वापरता येतं. जीनोमची फाइल चढवायची, थांबायचं, यादी येते.

या पद्धतीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण २०१४ चं. थिओनेला स्विनहोई हा समुद्री स्पंज. झुरिकच्या योर्न पील यांच्या गटाने दाखवलं की या स्पंजातले जवळजवळ सगळे नावाजलेले रेणू एकटा एंटोथिओनेला नावाचा बॅक्टेरिया बनवतो. त्याचा जीनोम ९० लाख अक्षरांहून मोठा, म्हणजे आपल्या पोटातल्या ई. कोलायच्या जवळपास दुप्पट. त्यातला पॉलिथिओनामाइड हा रेणू शत्रूपेशीच्या भिंतीला आरपार भोक पाडतो. २०१७ मध्ये दुसऱ्या एका गटाने स्पंजातल्या निळ्या-हिरव्या बॅक्टेरियात ब्रोमीनयुक्त विषारी रेणू बनवणारी जनुकं शोधली. कार्टर ज्यांना परजीवी समजले त्यांतले काही तरी घराचे राखणदार निघाले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर याची भलतीच रूपं फिरतात. स्पंजाच्या बॅक्टेरियापासून बनलेलं एकही अँटिबायोटिक अजून केमिस्टच्या दुकानात नाही. जीनोममध्ये फोल्डर दिसला म्हणजे रेणू हातात आला असं नसतं. बरेच फोल्डर प्रयोगशाळेत उघडतच नाहीत. उघडले तरी निघालेला रेणू जंतूबरोबर माणसाच्या पेशीही मारतो का, रक्तात टिकतो का, हे बघण्यात वर्षं जातात.

आणि या सगळ्याच्या तळाशी पुन्हा कार्टर येतात. जीनोम डेटाबेसमध्ये टाकताना विचारलं जातं: स्पंज कोणता? जात चुकीची लिहिली तर दुसरा माणूस तोच बॅक्टेरिया शोधायला चुकीच्या स्पंजाकडे जाईल. त्यामुळे ज्या प्रयोगशाळेत कोट्यवधी अक्षरं तासाभरात वाचली जातात, तिथेच कुणीतरी स्पंजाचा तुकडा अ‍ॅसिडमध्ये विरघळवून सुया बघत बसलेलं असतं. शंका आली तर मूळ नमुना बघावा लागतो. कार्टर यांचे नमुने आणि काचपट्ट्या मुख्यतः लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत. मुंबईच्या तलावातला स्पंज पक्का ओळखायला लंडनकडे बघावं लागतं, हे मला तरी खटकतं. आज परदेशी संशोधकाला इथला जैविक नमुना न्यायचा तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली परवानगी लागते. कार्टर यांच्या काळी बोटीत चढवला की झालं. पण नमुना न नेता त्याचा जीनोम फक्त फाइल म्हणून बाहेर गेला तर त्यातून होणाऱ्या औषधाचा फायदा कुणाचा, यावर देशादेशांत अजून रस्सीखेच चालू आहे.

इगतपुरीचा तलाव

नाशिककरांसाठी शेवटचं. कार्टर गेल्यावर काही वर्षांनी नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी भारतातल्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांचं पुस्तक लिहिलं. ते १९११ मध्ये छापलं गेलं. हेच अ‍ॅनंडेल पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक झाले. कार्टर यांच्या मुंबईच्या नोंदींवर ते पुस्तक उभं आहे, आणि त्यात मुंबईच्या पुढचं एक ठिकाण येतं: घाटमाथ्यावरचा इगतपुरीचा तलाव. म्हणजे आपल्या जिल्ह्याचं पाणी शंभर वर्षांपूर्वीच या शोधात आलेलं आहे.

मुंबईतले कार्टर यांच्या वेळचे बहुतेक तलाव बुजवले गेले. युनापियस कार्टेरी मात्र भारतभर आणि बाहेरही सापडतो. पाणी उतरायला लागलं की, दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंत, तलावातल्या दगडांच्या खालच्या बाजूला आणि बुडालेल्या काटक्यांवर बघा. भोकाभोकांची, चुरगळणारी, करडी किंवा हिरवट साय दिसली आणि तिला उग्र वास असला तर तो स्पंज असू शकतो. हिरवा रंग बहुतेकदा आत राहणाऱ्या शैवालाचा असतो. हाताने चोळू नका आणि तो हात डोळ्याला तर अजिबात लावू नका, त्या काचेच्या सुया टोचतात. सगळा खरवडूनही आणू नका; नखाएवढा तुकडा पुरतो. कागदाचा घडीचा मायक्रोस्कोप, फोल्डस्कोप, फोनच्या कॅमेऱ्याला लावून सुया बघता येतात. फोटोत मोजमापासाठी शेजारी काहीतरी ठेवा, तारीख आणि जागा लिहा, आणि कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. गोड्या पाण्यातल्या स्पंजाचा पहिला नीट जोडलेला जीनोम, इफिडेशिया म्युलेरी या जातीचा, २०२० मध्ये आला. त्याच इफिडेशिया वंशातली दुसरी एक जात, इफिडेशिया मेयेनी, पहिल्यांदा मुंबईतूनच नोंदवली गेली. नावापुढे कंसात लिहिलेलं असतं: कार्टर, १८४९.